आधी माल गार, मग माणूस : ट्रकच्या केबिनमधल्या एसीची गोष्ट

आजचा भाग अंजूरचा आहे. इतिहासाच्या वाचकाला अंजूर म्हटलं की गंगाजी नाईक अंजूरकर आठवतात, चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आठवते, १७३७ ते १७३९ चा तो सगळा धामधुमीचा काळ आठवतो. आज त्यातलं काही नाही. आजचं अंजूर म्हणजे भिवंडी तालुक्यातलं, गोदामांच्या गराड्यातलं गाव. मुंबई-नाशिक महामार्गावरून माणकोलीला आत वळलात की अंजूर, वळ, पूर्णा, दापोडा, राहनाळ अशी नावं लागतात, आणि प्रत्येक नावाच्या आधी आणि नंतर ट्रक लागतात. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी, म्हणून ही गोदामं इथे वाढली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली.

माझा प्रश्न साधा होता. यातल्या काही गोदामांमध्ये औषधं ठराविक तापमानात ठेवतात. आईस्क्रीमची गाडी मागच्या पेटीत उणे अठरा सांभाळत येते. आणि ती गाडी चालवणारा माणूस मे महिन्यात, इंजिनाच्या शेजारी, ओला पंचा मानेवर टाकून बसलेला असतो. हे असं कसं झालं?

उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीलाच भिवंडीला ओळखीचा वाटेल असा धंदा भेटतो. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवा आटोक्यात ठेवायची यंत्रणा आखली. कशासाठी? कामगारांना उकडत होतं म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, आकसायचा, आणि रंगांची छपाई एकमेकांवर नीट बसायची नाही. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द रूढ केला तो १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापड गिरण्यांच्या इंजिनिअरने. त्याची काळजी सुताची होती. हवा कोरडी पडली की धागा तुटतो, हे मागावर उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे बघा, थंड हवेचं हे यंत्र जन्मालाच आलं ते कागदासाठी आणि धाग्यासाठी.

ट्रकचंही तेच. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स या माणसाने ट्रकवर बसणारं शीतयंत्र बनवलं. जोन्स कृष्णवर्णीय होता, शाळा फार शिकलेला नव्हता, यंत्रं उघडून उघडून शिकलेला होता. असा माणूस आपल्याकडे प्रत्येक गॅरेजमध्ये एखादा तरी असतो. जोसेफ न्यूमेरो हा त्याचा मालक, आणि त्यांची कंपनी पुढे थर्मो किंग म्हणून जगभर गेली. उन्हात नासणारा माल वाचवायचा, ही मूळ अडचण. ती सुटली. केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर हा त्या अडचणीचा भागच नव्हता. मोटारीत एसी साधारण त्याच वेळी आला, १९३९-४० च्या हंगामात, पॅकार्ड नावाच्या महागड्या गाडीत. मालकासाठी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे ट्रकच्या केबिनमध्ये एसी इतका उशिरा का आला, याचं ‘महाग पडतो म्हणून’ हे उत्तर खरं आहे पण अर्धंच आहे. माझ्या मते खरं कारण केबिनमध्येच दडलंय, कारण ही केबिन कंपनी बनवतच नव्हती.

हायवेवर तुम्ही पाहिलं असेल. नुसती चेसिस चाललीय, पुढे इंजिन आणि अर्धवट पत्रा, आणि तोंडाला फडकं गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून ड्रायव्हर उघड्यावर बसलाय. टेल्कोने १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझबरोबर हातमिळवणी करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून अनेक दशकं मोठ्या संख्येने गाड्या अशाच विकल्या गेल्या. गिऱ्हाईक चेसिस घ्यायचं आणि बॉडी बिल्डरकडे न्यायचं. पंजाबात सरहिंद, तमिळनाडूत नामक्कल, आणि आपल्याकडे गावोगावचे सुतार-फॅब्रिकेटर. लाकडाचा सांगाडा, वर पत्रा, आत रेक्झिन, आरसे, झालर, देवाचा फोटो. दिसायला देखणी केबिन, पण फटी मोजायला बसलात तर दिवस जाईल. गिअरच्या दांड्याभोवती भोक, पॅडलखाली भोक, दाराला रबर नाही, काच खाली सरकली की वर यायला हात लावावा लागतो.

अशा केबिनमध्ये एसी कोण बसवणार? कंपनी म्हणणार, केबिन आमची नाही. बॉडी बिल्डर म्हणणार, इंजिन माझं नाही. आणि एसीचं अर्धं अंग इंजिनावर, अर्धं केबिनमध्ये. मधल्या मध्ये ते काम कुणाचंच राहिलं नाही.

त्यात इंजिनाची जागा. जुनी टाटा १२१० एसई आठवा, नाकवाली. तिचं इंजिन अर्धं केबिनमध्ये घुसलेलं. नंतरच्या सपाट तोंडाच्या गाड्यांमध्ये तर इंजिन थेट ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मध्ये, एका झाकणाखाली. त्या झाकणावर गोणपाट, त्यावर गादी, त्यावर क्लीनर झोपलेला. थंडीत सुख, उन्हाळ्यात तवा.

बसचा इतिहास याला जोडून पाहिला की चित्र आणखी उघडं पडतं. प्रवासी तिकिटाचे पैसे देतो म्हणून बसमध्ये एसी आला. पण जुन्या खासगी एसी बसेसमध्ये ड्रायव्हरची केबिन काचेच्या दाराने वेगळी काढलेली असायची. दाराच्या मागे थंडगार, पुढे उघड्या खिडक्या. एकाच गाडीत, एकाच कॉम्प्रेसरवर, ज्याचं तिकीट त्याची हवा. ट्रकमध्ये तिकीट काढणारं कुणी नव्हतंच. १९९८ मध्ये व्होल्वोचे ट्रक भारतात आले ते एसी केबिन घेऊन. २००९ मध्ये टाटांची प्रायमा आली. पण या महागड्या गाड्या. अंजूरच्या गोदामाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या नशिबी त्या कुठल्या?

इथे जरा गॅसबद्दल बोलायला हवं, कारण जुन्या गाडीचा एसी बदलायचा म्हटलं की पहिला प्रश्न गॅसचाच येतो. १९२८ मध्ये टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेला आर-१२ हा गॅस जवळजवळ पन्नास वर्षं निर्धास्तपणे वापरला गेला. पेटत नाही, विषारी नाही, पाइप खात नाही. आपल्याकडे तो मॅफ्रॉन, फ्लोरॉन अशा नावांनी मिळायचा, आणि जुने मेकॅनिक अजूनही ती नावं घेतात. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की ही सीएफसी कुळातली रसायनं वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००३ च्या सुरुवातीपासून नव्या गाड्यांच्या एसीत सीएफसी बंद, आणि १ ऑगस्ट २००८ पासून काही औषधी उपयोग वगळता उत्पादनच बंद, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी. आपण मुदतीआधी केलेल्या मोजक्या कामांपैकी हे एक, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्याच्या जागी आला आर-१३४ए. जगात जिथे जुन्या ट्रकांना मुळातच एसी होता, तिथे ‘एसी बदलणं’ म्हणजे आर-१२ काढून १३४ए घालणं. ते वाटतं तितकं सरळ नाही. आर-१२ बरोबर जे खनिज तेल चालायचं ते १३४ए मध्ये विरघळत नाही. तेल फिरून कॉम्प्रेसरकडे परत आलं नाही की कॉम्प्रेसर जाम. म्हणून जुनं तेल धुऊन काढायचं, नवं सिंथेटिक तेल घालायचं, ड्रायर बदलायचा, ओ-रिंग बदलायच्या, नव्या गॅसला चालणारे होज पाइप घालायचे. नवा गॅस उष्ण दिवसांत जास्त दाबावर चालतो, त्यामुळे जुना कंडेन्सर कमी पडतो. त्याजागी बारीक, चपट्या नळ्यांचा कंडेन्सर लावला तर काम होतं. गॅसही जुन्या वजनाइतका भरायचा नसतो, साधारण दहा-वीस टक्के कमी.

अंजूरफाट्याच्या बाजूला एका ऑटो एसीवाल्याकडे मी काही दुपारी बसलो. त्याच्याकडे येणाऱ्या जुन्या ट्रकांना आर-१२ चा प्रश्न क्वचितच असतो, कारण त्यांना कधी एसी नव्हताच. इथे ‘बदलणं’ म्हणजे नसलेली गोष्ट बसवणं. किंवा आधीच्या मालकाने कुठून तरी बसवलेली खिचडी निस्तरणं : कॉम्प्रेसर कारचा, कूलिंग कॉइल बसची, पाइप कुर्ल्याच्या भंगार बाजारातला. अशा खिचडीत मात्र आर-१२ च्या जमान्याचा एखादा भाग सापडतो, आणि मग वर सांगितलेलं सगळं पुराण लागू होतं.

काम कसं चालतं ते ऐका. ट्रकची वीज २४ व्होल्टची, कारची १२. कारचा कॉम्प्रेसर तसाच लावला तर त्याच्या क्लचची कॉइल जळते, म्हणून २४ व्होल्टचा क्लच लागतो. जुन्या इंजिनावर कॉम्प्रेसर धरायला जागाच केलेली नसते. मग जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवायचा, लेथवर पुली काढून घ्यायची, आणि पट्टा एका रेषेत आणायचा. ही रेष केसभर चुकली तरी महिन्याभरात पट्टा खाल्ला जातो. कंडेन्सर रेडिएटरपुढे लावला तर रेडिएटरला गरम हवा मिळते, आणि कसारा घाटात भरल्या गाडीचा काटा वर चढतो. छपरावर लावला तर स्वतंत्र पंखे, स्वतंत्र वायरिंग, लांब पाइप. शेवटी गळती तपासायची, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने. मग व्हॅक्यूम मारायचा, निदान अर्धा तास. हा अर्धा तास घाईत चोरला जातो, आणि आत राहिलेली ओल पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फ होऊन बसते. दहा मिनिटं गार, दहा मिनिटं गरम अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हीच गोष्ट असते.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते काम एसीचं नव्हेच. ते केबिनचं. दारांना रबर, गिअरच्या दांड्याला बूट, छपराच्या आतून फोम, इंजिनाच्या झाकणाखाली फेल्ट. हे न करता कितीही मोठा कॉम्प्रेसर लावा, तुम्ही सगळ्या भिवंडीला गार करत फिरणार. मालकाला यंत्राचे पैसे देणं पटतं, रबराचे पटत नाही, कारण रबर दिसत नाही.

मग आला कायदा. जून २०२३ मध्ये नितीन गडकरींनी जाहीरपणे सांगितलं की आपले ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांत ट्रक चालवतात, आणि एसी केबिनला खर्चाच्या नावाने विरोध होत आला. त्याच वर्षी डिसेंबरात अधिसूचना निघाली, आणि २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना, म्हणजे साडेतीन टनांवरच्या, एसी केबिन सक्तीची झाली. नुसती चेसिस विकली तरी एसीचा संच सोबत देऊन त्याची चाचणी करावी लागते. मघाशी म्हटलं ना, काम कुणाचंच नव्हतं? ते पहिल्यांदा कुणाचं तरी ठरलं. जोन्सच्या यंत्रानंतर जवळजवळ सत्त्याऐंशी वर्षांनी.

रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांना मात्र हा नियम नाही. आणि ट्रक म्हातारा झाला की लांबच्या फेऱ्या सोडून जवळच्या धरतो. न्हावाशेवा ते गोदाम, गोदाम ते मुंबई. म्हणजे अंजूरच्या आसपास जुन्या, एसी नसलेल्या गाड्या पुढची कित्येक वर्षं दिसत राहणार. त्यांचा एसी मालकाच्या मर्जीवर आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकच्या हातावर.

आणि बसवला तरी तो चालू राहील असं नाही. अनेक ठिकाणी ड्रायव्हरला फेरीमागे डिझेल ठरवून दिलेलं असतं, वाचलं तर त्याचं. एसी डिझेल खातो. तेव्हा बटण समोर असूनही काच खाली करून चालवणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. हा हिशेब कुठल्याही अधिसूचनेत येत नाही.

गॅसची गोष्टही संपलेली नाही. १३४ए ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जोरदार. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारत त्याच्या कुळातले गॅस २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. म्हणजे आज बसवलेला संच टिकला, तर त्यालाही एकदा नव्या गॅसचा प्रश्न येणार.

तोवरची अडचण वेगळी आहे. हा एसी इंजिन चालू असेल तरच चालतो, आणि अंजूरमध्ये ट्रकचा बराच वेळ धक्क्याला लागायची वाट बघण्यात जातो. इंजिन बंद, पत्रा तापलेला, नंबर कधी येईल ते ठाऊक नाही. आता बॅटरीवर चालणारे, उभ्या गाडीत वापरायचे छोटे एसी बाजारात दिसू लागलेत. ते छपराच्या झरोक्यात बसतात, इंजिनाला हात लावावा लागत नाही. जुन्या गाडीच्या थकलेल्या बॅटऱ्या किती वेळ तग धरतात, हे मात्र गाडीगणिक बदलतं. म्हणून तो एसीवाला आता असा संच लावायच्या आधी बॅटरीचं पाणी तपासतो, आणि अल्टरनेटर खोलून बघतो.