चाकाखालचा दगड

मागच्या काही भागांत आपण किल्ले, बंदरं, बोटी असं बरंच फिरलो. आज रस्त्यावर येऊ. विषय आहे पंक्चर. हसू नका. मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धन या पट्ट्यातली मासळी बर्फात घालून गाडीने मुंबईला जायला लागली, तेव्हापासून पंक्चर हा पैशाचा प्रश्न आहे. मुंबईचा मासळी बाजार पहाटे भरतो, आणि कार्लेखिंडीत तुमचं चाक बसलं म्हणून बर्फ वितळायचा थांबत नाही. कधी कधी हा प्रश्न जिवाचाही होतो. त्याच्याकडे येतोच.

आधी एक शब्द. स्टेपनी. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असलेला हा शब्द आला वेल्समधल्या लानेली नावाच्या गावातून. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस नावाच्या दोन भावांनी 1904 च्या सुमारास एक जादा चाक बनवलं. त्या काळी मोटारीबरोबर सुटं चाक मिळतच नसे. यांचं चाक म्हणजे आरे नसलेली नुसती रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, हे त्याच्या शेजारी आवळून बसवायचं आणि निघायचं. पुढे ती पद्धत गेली, कंपनी गेली, इंग्लंडमध्ये शब्दही गेला. आपल्याकडे मात्र राहिला. 'टेम्पो'चंही तसंच. तेही एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव, 1958 पासून बजाज टेम्पोमार्फत आपल्या रस्त्यांवर रुळलं. आज कुठल्याही कंपनीची मालगाडी असो, आपण टेम्पोच म्हणतो.

आता गाड्या. 1947 मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. 1965 पासून कंपनी हलक्या मालगाड्याही बनवू लागली. या जुन्या जीप आणि त्यांच्यावर बेतलेल्या पिकअप तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातही फिरल्या (रायगड हे नाव 1981 चं). गाडीबरोबर कंपनी काय द्यायची? एक जॅक, व्हील पाना, टॉमी. जॅक साधा, स्क्रूचा. एक फेरा फिरवला की आट्याच्या एका पायरीइतकं वर. काम हळू, पण त्याचा एक गुण मला फार आवडतो: हात सोडला तरी तो खाली येत नाही. आटे एकमेकांना घासून धरून ठेवतात. तेलावर चालणारा बॉटल जॅक वजन पटकन उचलतो, पण आतलं सील गळायला लागलं की गाडी हळूच खाली बसते, आणि ते बाहेरून कळतही नाही.

या जीपची एक खोड होती. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे. चाक फिरताना नट आपोआप सैल होतील अशी भीती, म्हणून डावीकडे आटेच उलटे पाडलेले. नवखा माणूस सोडवायला जायचा, नट हलेना म्हणून पान्यावर उभा राहायचा, आणि प्रत्यक्षात आवळत असायचा. मग बोल्टच तुटायचा.

दुसरी खोड जीवघेणी. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नव्हताच. तो होता मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर. शाफ्ट धरला की मागची दोन्ही चाकं धरली जातात, पण ती दोन्ही जमिनीवर असेपर्यंतच. एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियल आपलं काम करतं. शाफ्ट थांबलेला असला तरी एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं. हवेतलं मोकळं, म्हणून जमिनीवरचंही मोकळं. गिअरमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण गिअरही तोच शाफ्ट धरतो. फोर-व्हील टाकलेला असेल तर पुढची चाकं धरून ठेवतात. नाहीतर हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना गाडी उतारावर निघते, जॅक आडवा होतो, आणि माणूस चाकाशी बसलेला असतो.

म्हणून क्लीनर उडी मारून आधी दगड लावायचा. या दगडाला आपण आज 'जुगाड' म्हणतो ते मला पटत नाही. कंपनीच्या टूलकिटमध्ये नसलेलं, पण त्या गाडीला लागणारच असं ते हत्यार होतं. आणि आमच्याकडे दगडाची कमी कुठाय! श्रीवर्धन-म्हसळ्याकडे तर जांभ्याचे तासलेले चिरेच मिळतात.

कंपनीचा जॅक सपाट, घट्ट जमीन धरून चालतो. आपल्याकडे जुलैत साइडपट्टी म्हणजे चिखल. जॅकचा पाय एवढासा, खाली बर्फ-मासळीचं ओझं. गाडी वर जायच्याऐवजी जॅकच जमिनीत जातो. त्यासाठी फळी हवी. शिवाय टायर पूर्ण बसला की एक्सल इतका खाली येतो की जॅक खाली शिरतच नाही. मग गाडी हळूच पुढे घेऊन बसलेलं चाक फळीवर चढवायचं. पंक्चर चाक निघालं तरी काम संपत नाही. हवा भरलेलं चाक मोठं असतं, त्याला आणखी चार बोटं उंची लागते. जॅक संपला असेल तर? चाकाखालची माती उकरायची. स्टेपनी बसेपर्यंत चेसीच्या खाली आडवी सरकवून ठेवायची, म्हणजे जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर बसेल, माणसावर नाही.

1986 मध्ये टाटा 407 आली, बहुतेकींना मागे जोडचाकं. आतलं पंक्चर झालं की बाहेरचंही काढा! मग ट्यूबलेस आले, आणि 2020 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. शहरात ठीक आहे. टायरची बाजू फाटली तर किट काही करू शकत नाही, आणि रात्री काशीदच्या चढावर कुणाला फोन लावणार?

पिकअपची स्टेपनी अजूनही बहुधा चेसीखाली टांगलेली असते, आणि खारं वारं तिची साखळी पहिल्यांदा खातं. पावसाळ्याआधी घरासमोर एकदा ती खाली उतरवून बघा. उतरत नसेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. जॅकच्या आट्यांना ग्रीस लावा. नट गाडी उचलायच्या आधी अर्धा फेरा सैल करा, हवेत नाही.

आणि काम झाल्यावर तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला टाका. आपल्या रस्त्यांवर असे कितीतरी दगड तसेच पडलेले मी बघतो. अंधारात बाइकवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत.