कऱ्हा नदी

कऱ्हा ही महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील एक लहान नदी असून ती नीरा नदीची उपनदी आहे. नीरा भीमेस व भीमा कृष्णेस मिळत असल्याने कऱ्हेचे खोरे कृष्णा खोऱ्याचा भाग होय. पुराणकथेत ब्रह्मदेवाच्या कलंडलेल्या कमंडलूशी तिचा संबंध जोडला जातो. कृष्णाकाठच्या कऱ्हाड शहराशी मात्र तिचा संबंध नाही.

उगम व प्रवाह

पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेस गराडे परिसरातील डोंगरांत कऱ्हा उगम पावते. उत्तरेस भुलेश्वर रांग व दक्षिणेस पुरंदरची रांग यांमध्ये तिचे वरचे खोरे वसले आहे. सासवड येथे तिला चांबळी नदी मिळते. संगमावर संगमेश्वराचे मंदिर आहे. नकाशात नाव मिळण्याजोगी उपनदी म्हणजे मुख्यतः हीच. बाकीचे सारे ओढे पावसाळ्यापुरते वाहणारे.

पुढे आग्नेयेस वाहत ती जेजुरीजवळील नाझरे धरणाच्या मल्हारसागर जलाशयात येते. सोमवती अमावास्येस खंडोबाची पालखी स्नानासाठी कऱ्हेवरच नेतात. पांडेश्वर व अष्टविनायकांपैकी मोरगाव ही स्थाने तिच्या काठी आहेत. मोरगावला नदीने कापलेल्या गाळाच्या थरांत ज्वालामुखीय राख आणि अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. राखेच्या वयाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. कऱ्हाटी, कऱ्हावागज या गावांच्या नावांत नदीचे नाव टिकून आहे. बारामती शहरातून पुढे जाऊन सोनगाव येथे ती नीरेस मिळते.

पाणी

खोरे पर्जन्यछायेत आहे आणि खालचा बेसाल्ट खडक पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पात्र बहुधा कोरडे असते. पुरंदरची प्रसिद्ध अंजिरे व सीताफळे पिकतात ती विहिरींच्या मोजक्या पाण्यावर. आचार्य अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’ या आत्मचरित्राने नदी घरोघरी पोहोचली. शेतांना मात्र पुरंदर उपसा सिंचन योजनेद्वारे मुळा-मुठेचे पाणी डोंगर चढवून आणावे लागले.

कोरडे पात्र म्हणजे निर्धोक पात्र, हा समज येथे घातक ठरतो. उघड्या, उताराच्या डोंगरांवर पडलेला पाऊस सारे ओढे एकाच वेळी भरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री असेच घडले. रांगेच्या उत्तर उतारावरील पाण्याने पुण्यात आंबिल ओढ्याला, तर दक्षिण उतारावरील पाण्याने कऱ्हेला महापूर आला. नाझरे धरणातून मोठा विसर्ग झाला आणि बारामतीत नदीकाठच्या रहिवाशांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले.