न थांबणाऱ्या पेशीचा इतिहास : बाल्टिमोर, परळ, खारघर

१/
रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की दुर्गराज रायगड, कुलाब्याचे आंग्रे आणि महाडचे चवदार तळे आठवते. याच जिल्ह्यात एका निराळ्या इतिहासाचा वारसा सांगणारी संस्था आहे. रोह्याहून निघालेली रेल्वेगाडी नागोठणे, पेण, आपटा मागे टाकून पनवेलला येते. तेथून जवळच खारघर. तेथील कर्करोग संशोधन केंद्राची वंशावळ परळमार्गे थेट अमेरिकेतील बाल्टिमोरपर्यंत जाते. आजचा धागा त्या वंशावळीविषयी आणि तिने विचारलेल्या एका प्रश्नाविषयी : पेशी म्हातारी का होते?

२/
निमित्त आहे एका कृत्रिम पेप्टाइडचे. त्याचे नाव एपिटॅलॉन. ॲलॅनिन, ग्लुटामिक आम्ल, ॲस्पार्टिक आम्ल आणि ग्लायसिन अशा अवघ्या चार अमिनो आम्लांची ही साखळी. इन्सुलिनमध्ये अशी ५१ आम्ले असतात, यावरून तिचा लहानपणा ध्यानात यावा. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या छोट्या कुप्यांतून हे द्रव्य आज इंटरनेटवर विकले जाते आणि तारुण्य टिकवणारे इंजेक्शन म्हणून त्याची चर्चा होते. या दाव्याचे मोल ठरवायचे तर शंभर वर्षे मागे जावे लागेल.

३/
१९१२. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ॲलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या भ्रूणातील हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी त्यांना रक्तवाहिन्या जोडण्याच्या तंत्रासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संवर्धन १९४६ पर्यंत, म्हणजे कॅरेल यांच्या निधनानंतरही, चालू ठेवले. निष्कर्ष असा निघाला की शरीराबाहेर काढलेली पेशी मूलतः अमर असते. योग्य पोषण मिळाले की ती अखंड विभागत राहते.

४/
जवळजवळ अर्धशतक हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत राहिला. इतरांच्या पेशी काही काळाने थांबत, तेव्हा दोष त्यांच्या हाताला किंवा त्यांनी बनवलेल्या पोषक द्रवाला दिला जाई. कॅरेल यांच्या संवर्धनाला भ्रूणाचा अर्क नियमित घातला जात असे. त्यातून नव्या पेशी आत जात असाव्यात, असे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. कोणीही तो प्रयोग तसाच पुन्हा करून दाखवू शकले नाही. तरीही नोबेलविजेत्याच्या शब्दापुढे संशय टिकला नाही.

५/
आता बाल्टिमोर. १९५१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी जॉर्ज गाइ यांच्या प्रयोगशाळेत आल्या. त्यासाठी तिची संमती घेतलेली नव्हती. या पेशी थांबल्याच नाहीत. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. ‘हेला’ या नावाने तिच्या पेशी आजही जगभर वाढत आहेत. मानवी पेशींचा तो पहिला अमर वंश होता आणि तो कर्करोगातून आलेला होता. हा मुद्दा ध्यानात ठेवावा.

६/
याच जॉर्ज गाइ यांच्याकडे ऊती संवर्धनाचे तंत्र शिकण्यासाठी मुंबईहून एक मराठी संशोधिका गेली : डॉ. कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्म, माहेरचे आडनाव समर्थ. हुजूरपागेत शालेय शिक्षण, मग फर्ग्युसन महाविद्यालय. पदव्युत्तर प्रबंधाचा विषय वनस्पतींच्या पेशींशी निगडित होता. १९३९ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. तेथे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

७/
१९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले. अमेरिकेहून परतलेल्या कमलताईंनी तेथे प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतातील अशा संशोधनाचा पाया म्हणून ती ओळखली जाते. पेशींना लागणारी पोषक माध्यमे येथेच तयार करावी लागत. उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी मोलाचे काम केले; आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा त्याच्याशी असलेला संबंध तपासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

८/
काचपात्रात पेशी जगवणे हे सोपे काम नव्हे. उष्णता, आम्लता, पोषण यांत किंचित चूक झाली की पेशी मरते. एखादा जीवाणू शिरला तरी सारे संवर्धन वाया जाते. वार्धक्याचे पुढील सर्व प्रयोग याच कौशल्यावर उभे आहेत, कारण पेशी हातून मेली की स्वतःहून थांबली, हे ओळखता आले नाही तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही. हा फरक सिद्ध केला तो फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेच्या लिओनार्ड हेफ्लिक यांनी.

९/
१९६१. हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांच्या निदर्शनास आले की माणसाच्या निरोगी पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. दोष पोषक द्रवाचा तर नसेल? त्यांनी बऱ्याचदा विभागलेल्या पुरुषपेशी आणि कोवळ्या स्त्रीपेशी एकाच पात्रात मिसळल्या. काही काळाने पात्रात केवळ स्त्रीपेशी उरल्या. द्रव तोच, पात्र तेच, हात तोच. पेशीलाच स्वतःचे वय ठाऊक होते. गोठवून पुन्हा जागवलेली पेशीही राहिलेलीच आवर्तने पूर्ण करी.

१०/
हा निबंध प्रथम रॉकफेलर संस्थेच्याच नियतकालिकाकडे गेला. संपादक होते पेटन रॉस. त्यांनी तो नाकारला. योग्य पोषण मिळाले तर पेशी वाढतच राहतात, हीच त्यांचीही धारणा होती. निबंध अन्यत्र छापला गेला. पन्नास वर्षांचा समज एका साध्या, कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशा प्रयोगाने मोडला.

११/
मग पेशी मोजते कशी? पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात एकाच साच्यातून मूर्ती काढत गेले की साच्याची कड हळूहळू झिजते. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांचे काहीसे तसेच होते. फरक असा की तेथे झीज घर्षणाने होत नाही. गुणसूत्राची नक्कल करणारी यंत्रणा टोकाचा शेवटचा तुकडा उतरवूच शकत नाही. प्रत्येक विभाजनात टोक आखूड होते. ही कल्पना १९७१ मध्ये मॉस्कोच्या अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी मांडली. या टोकांना टेलोमेअर म्हणतात.

१२/
१९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरल ग्रायडर यांना टोक पुन्हा लांबवणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. त्या तेव्हा एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या विद्यार्थिनी होत्या. त्या विकराचे नाव पुढे टेलोमरेज पडले. १९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ते निरोगी मानवी पेशींत कार्यान्वित केले. पेशी नेहमीच्या मर्यादेपलीकडे किमान २० वेळा अधिक दुप्पट झाल्या. २००९ चे नोबेल पारितोषिक ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना विभागून मिळाले.

१३/
येथे एपिटॅलॉन प्रवेश करते. लेनिनग्राडमधील लष्करी वैद्य व्लादिमीर खाविन्सन यांनी गुरांच्या मेंदूतील पिनियल ग्रंथीचा अर्क दीर्घकाळ अभ्यासला. त्यावरून प्रयोगशाळेत घडवलेले चार आम्लांचे पेप्टाइड म्हणजे एपिटॅलॉन. २००३ मध्ये त्यांच्या गटाने लिहिले की मानवी पेशींत या पेप्टाइडने टेलोमरेज जागे होते. २००४ मध्ये त्यांनी पुढचा दावा केला : साध्या पेशी ३४ व्या संवर्धन-फेरीला थांबल्या, पेप्टाइड दिलेल्या पेशी ४४ व्या फेरीपर्यंत गेल्या.

१४/
प्राण्यांवरील आकडे अधिक सावध आहेत. २००३ च्या एका प्रयोगात एपिटॅलॉन दिलेल्या उंदीर-माद्यांचे सरासरी आयुर्मान वाढले नाही; सर्वांत अधिक जगलेल्या दहा टक्क्यांचे तेवढे वाढले. कर्करोगप्रवण उंदरांत स्तनाच्या गाठी कमी झाल्याचेही याच वर्तुळातील संशोधकांनी नोंदवले. यांतील बहुतांश प्रयोग एकाच शहरातील, परस्परांशी निगडित गटांचे होते. कॅरेल यांची गोष्ट ज्याने वाचली, त्याला या वाक्याचे वजन कळेल.

१५/
दुसरी शंका अधिक गंभीर. १९९४ मध्ये कर्करोगाच्या गाठींचे १०१ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ९० नमुन्यांत टेलोमरेज सक्रिय आढळले. शेजारच्या निरोगी ऊतींत ते नव्हते. म्हणजे विभाजनाची मर्यादा हे शरीराचे एक संरक्षणही आहे. ती मर्यादा ओलांडलेली पेशी कशी असते, हे हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींनी १९५१ पासून दाखवले आहे. टेलोमरेज जागवणारे कोणतेही द्रव्य या कसोटीवर पारखावेच लागते.

१६/
२०२५ मध्ये लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातील संशोधकांनी एपिटॅलॉन स्वतंत्रपणे तपासले. निरोगी पेशींत टेलोमरेज वाढले, टोके लांबली. पहिल्या दाव्याला येथे आधार मिळाला. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतही टोके लांबली, आणि ती काही कर्कपेशी वापरतात त्या दुसऱ्या, टेलोमरेजविरहित मार्गाने. याचा अर्थ हे पेप्टाइड कर्करोग घडवते, असा होत नाही. माणसाच्या शरीरात ते निर्धोक आहे, असाही होत नाही.

१७/
परळच्या संशोधन केंद्राचे पुढे काय झाले? १९६६ मध्ये ते टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडले जाऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. २००२ मध्ये संशोधन संस्था खारघरला आली. तिलाच आपण ॲक्ट्रेक म्हणतो. कमलताईंचे निधन २००१ मधले. खारघरचे नवे पर्व त्यांनी पाहिले नाही. काचपात्रातील पेशीकडे दक्षतेने पाहण्याची जी परंपरा त्यांनी रुजवली, ती मात्र आज रायगड जिल्ह्यात आहे.

१८/
पेण-रोह्याच्या तरुणांना कोणी एपिटॅलॉनची कुपी दाखवली, तर त्यांनी इतिहासाकडून तीन प्रश्न उसने घ्यावेत. हा परिणाम पेशीत दिसला, उंदरात की माणसात? दुसऱ्या प्रयोगशाळेने तो पुन्हा पाहिला का? आणि लांबलेले आयुष्य निरोगी पेशीचे की न थांबणाऱ्या पेशीचे? या पेप्टाइडबाबत मोठ्या, स्वतंत्र मानवी चाचण्यांचा आधार अद्याप मिळालेला नाही. तो मिळेपर्यंत त्या कुपीची जागा प्रयोगशाळेतच आहे. तिच्यावरचे ‘केवळ संशोधनासाठी’ हे शब्द अक्षरशः खरे मानावेत.

लेखनसीमा.