आतला पत्ता, बाहेरचा पत्ता

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला फोन केला. सर, जन्मभर कांट शिकवलात, आता हे गेम सर्व्हरचं काय काढलंत? उत्तर सरळ आहे. नातवानं काढलं, आम्ही मागे ओढले गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आमच्या पुण्याच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर उभा केला. घरात तो आणि त्याची बहीण, दोघंही मजेत खेळत होते. मग त्यानं नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या मित्राला पत्ता कळवला, १९२.१६८.१.५. दोघांनाही आत येता येईना. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "आजोबा, पत्ता बरोबर आहे. इथून लागतो, तिथून लागत नाही." खेळातलं आम्हाला काही कळत नाही, पण हे वाक्य मात्र आम्हाला सोडेना. एकच विधान बोलणाऱ्याच्या जागेप्रमाणे खरं किंवा खोटं ठरत असेल, तर तत्त्वज्ञानाच्या माणसानं तिथे थांबायलाच हवं.

बर्ट्रांड रसेल यांनी 'मी', 'इथे', 'आत्ता' अशा शब्दांचा एक वेगळा गट मानला होता. 'पुणे' हे नाव कुणीही उच्चारलं तरी पुणंच. 'इथे' हा शब्द मात्र ज्याच्या तोंडी, त्याच्या जागेचा. नातवानं नाशिकला जो पत्ता कळवला, तो खरं तर 'इथे' हा शब्द होता. त्या मुलाच्या कॉम्प्युटरनं तो ऐकला आणि नाशिकच्या घरातच १.५ क्रमांकाचं यंत्र शोधलं. मिळालं असतं तर ते कदाचित त्यांच्या टीव्हीचं निघालं असतं! तर पत्ता हे नाव असायला हवं, ते 'इथे' कधी झालं, हा आजचा इतिहास आहे.

१ जानेवारी १९८३ला अमेरिकेच्या अर्पानेट या जाळ्यानं जुनी पद्धत सोडून आज आपण वापरतो ती टीसीपी-आयपी पद्धत घेतली. तिच्यात प्रत्येक यंत्राचा पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. हा आकडा ठरवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की आम्हाला तो एक प्रयोग वाटत होता आणि प्रयोगाला एवढे पत्ते पुष्कळ होते. अडचण एवढीच झाली की प्रयोग संपलाच नाही.

वाटपही उदार हातानं झालं. एकट्या एमआयटी या संस्थेकडे १८नं सुरू होणारे सगळे पत्ते होते, १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. त्यातले बहुतेक वापरलेच गेले नाहीत, असं त्यांनीच २०१७ साली जाहीर केलं आणि निम्मे विकायला काढले. आपल्याकडच्या इनामांची आठवण येते, पण ते असो.

त्या काळाची एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेऊ. जाळ्यातली सगळी यंत्रं एका पंक्तीला बसलेली होती. मागणारा आणि देणारा असा जन्मजात भेद नव्हता. ज्याला पत्ता आहे त्याला कुणीही हाक मारावी आणि त्यानं ओ द्यावी. सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८४ साली जो प्रसिद्ध निबंध छापला, त्याचा गाभा असा की शहाणपण दोन टोकांना असावं, मधल्या जाळ्यानं फक्त वाहून न्यावं.

मग ९०चं दशक उजाडलं आणि पत्ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं. इथून पुढचा भाग आम्हाला सगळ्यात रंजक वाटतो. या जाळ्याचे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित टिपणांत लिहिले जातात. ही परंपरा १९६९ पासूनची. मार्च १९९४ मध्ये १५९७ क्रमांकाचं टिपण निघालं. काही पत्ते खाजगी म्हणून बाजूला काढू, ज्यानं त्यानं ते आपल्या भिंतीच्या आत हवे तसे वापरावेत, असा प्रस्ताव. त्यातला सगळ्यात मोठा गट १०नं सुरू होणारा. हा १० कुणाचा? खुद्द अर्पानेटचा! ते जाळं १९९० साली बंद झालं होतं आणि त्याचा आकडा रिकामा पडला होता. मूळ पुरुषाची खोली भाड्यानं द्यावी, तसं झालं.

चारच महिन्यांत, जुलै १९९४ला, त्याला उत्तर आलं. टिपण १६२७. शीर्षकातच म्हटलं होतं की १० क्रमांकाचं जाळं घातक आहे. पत्ता जगात एकमेव असणं हाच या रचनेचा पाया आहे, तोच तुम्ही काढून घेताय, आणि पुरेशी जाहीर चर्चा न करता, हा त्यांचा आक्षेप. उद्या दोन कंपन्या एकत्र आल्या आणि दोघींकडे तेच पत्ते निघाले तर काय कराल, असा रोकडा प्रश्नही त्यात होता. आणि फेब्रुवारी १९९६ला अंतिम नियम आला, टिपण १९१८, तेव्हा त्याच्या लेखकांत एलियट लिअर हे नाव होतं. हे त्या विरोधकांपैकीच एक. वाद हरले म्हणून गेले, की आत राहून सांभाळावं म्हणून? टिपणं वाचून आमचं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. अंतिम नियमात खाजगी पत्त्यांचे तोटेही मोकळेपणानं मांडलेले आहेत.

या दोहोंच्या मध्ये, मे १९९४ मध्ये, एगेवांग आणि फ्रान्सिस यांचं टिपण १६३१ आलं. त्यातलं तंत्र म्हणजे 'नॅट'. ते समजायला पुण्याचा जुना वाडा घ्या. वाड्यात दहा बिऱ्हाडं, पण टपालखात्याला ठाऊक फक्त वाड्याचा घरक्रमांक. देवडीवर एक माणूस बसलाय. आतून पत्र निघालं की तो वहीत टिपतो, तिसऱ्या बिऱ्हाडातून अमक्याला पत्र गेलं. उत्तर आलं की वही बघून तिसऱ्या बिऱ्हाडात देतो. झकास चालतं. पण बाहेरून कुणी आपणहून, पहिलंच पत्र नुसत्या वाड्याच्या क्रमांकावर पाठवलं तर? वहीत नोंद नाही. देवडीवाला ते पत्र फेकून देतो. तुमच्या घरातला राऊटर म्हणजे हा देवडीवाला.

बाहेरचं मागवायला या रचनेत काहीच अडचण नाही. आपल्याकडे कुणी यायला मात्र अडचण आहे. आपण विचारू शकतो, आपल्याला कुणी विचारू शकत नाही. लेखकांनी स्वतःच याला थोड्या मुदतीचा उपाय म्हटलं होतं, आणि पत्त्याचा टोकापासून टोकापर्यंत असलेला अर्थ यात जातो हेही नोंदवलं होतं. ही थोडी मुदत आता ३० वर्षांच्या वर गेली.

गंमत अशी की घरातून खेळाचं यजमानपद करण्याची हौस नेमकी याच वर्षांत वाढली. १० डिसेंबर १९९३ला 'डूम' आला. तो एकाच इमारतीतल्या जाळ्यावर चौघांनी खेळायचा. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक निरोप जाळ्यातल्या सगळ्या यंत्रांना ओरडून सांगितला जाई, त्यामुळे कचेऱ्यांची आणि विद्यापीठांची जाळी तुंबली. जून १९९६ मध्ये 'क्वेक' आला आणि चित्र बदललं. एक यंत्र सर्व्हर, बाकीचे पाहुणे, आणि सर्व्हर कुणीही, कुठेही चालवावा. तेव्हा अमेरिकेत फोन फिरवून मोडेमवरून इंटरनेट जोडलं की कॉल चालू असेपर्यंत जगात एकमेव असा पत्ता त्या यंत्राला मिळे. जोडणी कासवाची, पण देवडी नाही. आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला सेवा सुरू केली तेव्हा स्वस्तातलं खातं होतं नुसत्या अक्षरांचं, 'शेल' नावाचं. त्यात आपण दुसऱ्याच्या यंत्रावर बसून काम करायचो, स्वतःचा पत्ता नव्हताच. आमची पहिली ई-मेल तशीच गेली. म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी बिनदेवडीचं घर पाहिलंच नाही.

आता नातवाकडे. इंटरनेटवाल्या कंपनीच्या मदतकेंद्रात फोन केला. राऊटर बंद करून चालू करा. केला. पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही म्हटलं, आपणच आतून बाहेर एकेक भिंत तपासत जाऊ. हे काम उत्खननासारखं आहे हो, प्रत्येक थर वेगळ्या सालचा.

सर्व्हर ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावरून १२७.०.०.१ हा पत्ता लावून बघायचा. हा पत्ता म्हणजे निव्वळ 'मी'. तो लागला नाही तर दोष सर्व्हरमध्येच, पुढे जायचं कारण नाही. आमचा लागला. मग घरातल्या दुसऱ्या यंत्रावरून १९२.१६८वाला पत्ता. इथे अडलं तर बहुधा विंडोजची फायरवॉल. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. पुढच्या ऑगस्टला एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती भिंत आपोआप चालू राहू लागली. न्यायानं बोलायचं तर त्या २००३च्या साथीत राऊटरमागे असलेली पुष्कळ घरं वाचली. देवडीवाला चोरालाही अडवतो, एवढं त्याचं श्रेय मान्य करायला हवं.

आमची बहीणभावंडं घरात खेळत होती, म्हणजे हाही थर पार. पुढे देवडी. राऊटरला सांगावं लागतं की २५५६५ क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर त्याला १.५कडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. इथे तीन चुका नेहमी होतात. एक, टीसीपी की यूडीपी हे चुकतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला टीसीपी लागतं, मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीला यूडीपी आणि दारही वेगळं, १९१३२. दुसरी, वीज गेली-आली की राऊटर नवा क्रमांक देऊ शकतो, आज १.५ तर उद्या १.८, आणि देवडीवाला रिकाम्या खोलीकडे बोट दाखवत राहतो. तो क्रमांक त्या यंत्रासाठी राखून ठेवायचा. तिसरी आमच्याकडूनच झाली. बाहेरचा पत्ता लागतो का हे आम्ही घरात बसूनच तपासत होतो. अनेक राऊटरना आतून निघून आपल्याच दारावर परत आलेला माणूस ओळखताच येत नाही. त्यामुळे सगळं बरोबर असूनही आतून चूक दिसू शकतं. तपासायचं ते मोबाइलचा डेटा चालू करून, नाहीतर मित्राकडून.

मित्राकडूनही लागेना. तेव्हा नातवानं राऊटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहिला आणि इंटरनेटवर बाहेरच्यांना आपला कोणता पत्ता दिसतो तोही पाहिला. दोन्ही वेगळे! राऊटरचा १००.७०नं सुरू होत होता.

हा सगळ्यात वरचा, सगळ्यात ताजा थर. ३ फेब्रुवारी २०११ला जगाच्या कोठारातले पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून झाले. आपण ज्या आशिया-पॅसिफिक संस्थेखाली येतो, ती १५ एप्रिललाच आपल्या शेवटच्या गठ्ठ्यावर आली, सगळ्यांत आधी. उशिरा आलेल्या पंक्तीला वाढायला भांड्यात उरलंच नव्हतं. एप्रिल २०१२ मध्ये टिपण ६५९८ आलं आणि १००.६४ ते १००.१२७ हे सुमारे ४२ लाख पत्ते एका नव्या कामासाठी राखले गेले: कंपनीनंच शेकडो घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता द्यावा. म्हणजे वाड्याला देवडी होतीच, आता अख्ख्या पेठेला वेस आली, आणि वेशीवरच्या माणसाला आपण काही सांगू शकत नाही. तो कंपनीचा. आपल्या देवडीवाल्याला कितीही पढवा, पाहुणा वेशीवरच अडलेला.

तीन दिवस आम्ही घरातला दोष शोधत होतो. घरात दोष नव्हता. मदतकेंद्राला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, याचा राग आम्हाला अजून आहे.

कुणी म्हणेल, मग व्हिडिओ कॉल कसे लागतात? तिथे तिसरा मध्यस्थ असतो. त्याच्या सांगण्यावरून दोघंही एकाच वेळी आतून बाहेर पत्र टाकतात, दोन्ही वह्यांत नोंद होते आणि वाट उघडते. तेही न जमलं तर सगळं बोलणं मध्यस्थाच्या यंत्रातून जातं. यजमानपण त्याच्याकडे. नातवालाही हाच सल्ला मिळाला, महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर घे. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्वतंत्र पत्ताही घेता येतो. म्हणजे १९९६ साली जोडणीबरोबरच जे मिळत होतं, ते आता वेगळं विकत घ्यायचं.

खरा उपाय डिसेंबर १९९५पासून कागदावर आहे. आयपीव्ही६, १२८ बिटांचे पत्ते, घरातल्या प्रत्येक यंत्राला पुन्हा जगात एकमेव नाव. ६ जून २०१२ला मोठ्या कंपन्यांनी तो कायमचा सुरू केला. आपल्याकडच्या मोबाइल जाळ्यांवर तो आता मोठ्या प्रमाणात आहे. आमच्या राऊटरवरही निघाला. फक्त राऊटरच्या भिंतीत त्या एका दारापुरती वाट करावी लागली. नाशिकचा मुलगा त्याच रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून आत आला. घरात असा आरडाओरडा झाला की खालचे शेजारी वर आले.

कोल्हापूरच्या मुलाच्या घरी आयपीव्ही६ नव्हता, अजूनही नाही. मे महिन्यात तो एस.टी.नं पुण्याला आला, आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला आणि दिवाळीत कळवलेला तोच पत्ता टाकला, १९२.१६८.१.५. लगेच लागला.

बरं, आता प्रश्न घेऊ.