भोंग्याची दिशा

सोलापुरात जुन्या माणसांना ‘भोंगा’ म्हटलं की आधी गिरणी आठवते. पाळीची वर्दी चारी दिशांना जावी, एवढंच त्याचं काम. आज याच शब्दावर वाद झडतात. पण आवाज किती मोठा, एवढंच आपण विचारतो. तो जातो कुठे?

आमच्या मशिदीत मागच्या सफेतल्यांना खुत्बा कळत नव्हता आणि शेजारच्या आजारी आजींना झोप लागत नव्हती. कमिटी म्हणाली, अजून एक भोंगा लावू. मला मुकब्बिर आठवला. मोठ्या जमातीत तो इमामाची तकबीर मागे पोहोचवतो. म्हणजे एकाचा जोर वाढवायचा नाही, ऐकणाऱ्याजवळ दुसरा आवाज ठेवायचा.

इथून शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोल घुमट आहे, मुहम्मद आदिलशाहाची (१६२७–१६५६) कबर. वरच्या सज्जात भिंतीजवळ कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं. मोठ्याने बोललं की मात्र प्रतिध्वनीत शब्द विरघळतात. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या घुमटाचीही तीच अडचण. तिथे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला उंच, सडपातळ कॉलम स्पीकर बसवले. एकावर एक स्पीकर रचले की आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो. घुमटाऐवजी माणसांवर पडतो. लांबच्या कॉलमना आवाज किंचित उशिरा दिला, म्हणजे तो वक्त्याच्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. विजेवरचा मुकब्बिरच!

याला मर्यादा आहे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर. हातभर पेटी तिला दिशा देऊ शकत नाही. म्हणून डीजेचा दणका मागच्या गल्लीतही पोहोचतो.

साध्या, म्हणजे पॅसिव्ह पेटीत ॲम्प्लिफायरमधून आलेला आवाज आतल्या गुंडाळ्या आणि कपॅसिटर जाड-बारीक स्वरांत वाटतात. ॲक्टिव्ह पेटीत वाटणी आधी होते, मग प्रत्येक स्पीकरला स्वतःचा ॲम्प्लिफायर. त्यामुळे प्रत्येकाचा जोर आणि उशीर वेगळा ठरवता येतो. कॉलममध्ये तेवढ्यानेच आवाजाचा झोत खाली वळवता येतो.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती मशीद, मंडप, मिरवणूक सगळ्यांनाच लागू. पण शेजाऱ्याचा हक्क आपल्याला शिकायला कायदा यावा लागू नये.

आम्ही नवा भोंगा घेतला नाही. दोन साधे कॉलम भिंतीला, सफांकडे झुकवून लावले. आतला जुना भोंगा उतरवला. पुढच्या जुम्म्याला मागच्या सफेतले चाचा म्हणाले, “आज खुत्बा समझा.” आजींच्या खिडकीकडे मी पाहिलं. ती उघडी होती.