लोटा, मोड आणि पदव्युत्तर शिक्षण



मूल हुशार निघाले की त्याला डॉक्टर किंवा इंजिनिअर करायचे आणि अभ्यासात मागे पडले की एखाद्या कारखान्यात कामाला लावायचे, असा हिशेब आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मांडला जातो. एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला हात, आणि मध्ये भिंत. ही भिंत पाडण्याचा एक प्रयत्न आपल्या देशात साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आज ज्याला 'शाश्वत डिझाइन' म्हणतात, त्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण आपल्याकडे याच प्रयत्नातून वाढले. त्याचा इतिहास थोडक्यात आपणापुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. डिझाइन म्हणजे केवळ नक्षी किंवा वेलबुट्टी नव्हे. एखादी वस्तू कोणासाठी, कशापासून आणि कशी बनवावी याचा आधी केलेला विचार म्हणजे डिझाइन. त्या वस्तूसाठी किती पाणी, लाकूड, धातू, वीज खर्ची पडेल, ती बिघडली तर दुरुस्त होईल काय आणि तिचा उपयोग संपल्यावर तिचे काय होईल, हेही प्रश्न त्यात आले की ते शाश्वत डिझाइन झाले.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. पुढे १८९१ मध्ये तेथे कारागिरीच्या कार्यशाळाही निघाल्या. परंतु हस्तकौशल्य आणि उच्च शिक्षण यांच्यातील अंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत फारसे कमी झाले नाही. विद्यापीठाची पदवी ही लेखणीची पदवी राहिली आणि कारागिराची विद्या बापाकडून मुलाकडे, पुस्तकाबाहेरच जात राहिली.

स्वातंत्र्यानंतर लघुउद्योग वाढू लागले, यंत्राने बनलेला माल बाजारात आला आणि त्याचा दर्जा कसा राखावा हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला. त्यासाठी भारत सरकारने चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याला पाचारण केले. त्यांनी देशभर हिंडून एप्रिल १९५८ मध्ये आपला अहवाल सादर केला. परदेशी पाहुण्यांनी आपल्या देशात सर्वांत अधिक कौतुक कोणत्या वस्तूचे केले असेल? आपल्या स्वयंपाकघरातल्या साध्या लोट्याचे!

हा लोटा घडविण्यापूर्वी किती गोष्टींचा विचार झाला असेल, याची एक लांबलचक यादीच त्यांनी अहवालात दिली. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आत हात घालून तो घासता येतो काय, हाताला त्याचा स्पर्श कसा लागतो, असे अनेक प्रश्न त्या यादीत आहेत. त्यातला एक प्रश्न विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लोटा जुना झाल्यावर त्याच्या धातूला किंमत किती राहते?

हा प्रश्न आपल्या आजीला नवा वाटला नसता. जुने भांडे मोडीत घालून नवे घेणे, मोडीचा भाव पारखणे, पितळेच्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई लावून घेणे, हा तिचा नित्याचा व्यवहार होता. भांडे विकत घेतानाच त्याच्या शेवटाचा विचार ती करीत असे. आज विद्यापीठांत 'वस्तूचे जीवनचक्र' या नावाने जे शिकविले जाते, त्याचे मूळ सूत्र हेच आहे.

ईम्स यांच्या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजेच एन.आय.डी., स्थापन झाली. त्यानंतर १९६९ साली मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र निघाले. ते उभे करण्यात प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. जे. जे. कलाशाळेत शिकून ते जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध डिझाइन विद्यालयात गेले होते. पवईच्या केंद्राने आरंभापासून पदव्युत्तर शिक्षणावर भर दिला. इंजिनिअर, वास्तुविशारद आणि चित्रकार एकाच टेबलाशी बसून शिकू लागले. ही त्या काळी नवीनच गोष्ट होती.

परंतु डिझाइन शिकून करायचे काय? श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी आणखी एक खुर्ची बनवायची काय? हा प्रश्न व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सडेतोडपणे विचारला. जगातील बहुसंख्य गरजू लोकांसाठी डिझायनर काहीच करीत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी स्वतः फळांच्या रसाच्या रिकाम्या डब्यापासून, मेण आणि वात यांच्या उष्णतेवर चालणारा अगदी स्वस्त रेडिओ तयार केला होता. डबा कुरूप दिसतो म्हणून काही जाणकारांनी नाके मुरडली. पापानेक यांनी मात्र तो मुद्दामच रंगविला नव्हता. ज्याच्या घरी तो जाईल त्याने आपल्या आवडीने सजवावा, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्या देशात याच प्रश्नाचा शोध राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात १९७५ पासून घेतला गेला. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये संचालकपद आपण होऊन सोडले होते आणि साधे प्राध्यापक म्हणून ते काम करीत होते. त्यांनी एन.आय.डी.ला बरोबर घेऊन तेथील विणकर आणि चर्मकार यांच्यामध्ये काम सुरू केले. वरवर पाहता त्या भागात ना पाणी, ना खनिज, ना कारखाना. मथाई यांचे म्हणणे असे की, माणसांच्या हातातील कौशल्य हीच येथील संपत्ती आहे. परंतु कच्चा माल व्यापाऱ्याकडून घ्यायचा आणि पक्का माल त्यालाच विकायचा, या चक्रात कारागीर अडकला होता. म्हणून केवळ नवे नमुने काढून देणे पुरेसे नव्हते. खरेदी, हिशेब, दर्जा आणि विक्री या साऱ्या गोष्टी कारागिराने स्वतः शिकाव्यात, असा प्रयत्न झाला आणि त्यातून कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. नवकल्पना म्हणजे नवे यंत्रच असते असे नाही, व्यवहाराची नवी रीतही नवकल्पना ठरते, हा जवाजाचा धडा आहे.

जानेवारी १९७९ मध्ये अहमदाबाद येथे संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या पुढाकाराने परिषद भरली. विकसनशील देशांनी डिझाइनचा उपयोग विकासासाठी करावा, असा जाहीरनामा तिने काढला. पवईच्या आय.आय.टी.मध्ये १९८५ साली ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र, 'सितारा', सुरू झाले आणि पुढे तेथे एम.टेक.चा अभ्यासक्रमही आला. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने 'शाश्वत विकास' ही संकल्पना जगापुढे मांडली. आजच्या गरजा भागविताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांवर घाला घालू नये, हा तिचा आशय. त्यानंतर देशोदेशीच्या विद्यापीठांत या विषयाचे पदव्युत्तर वर्ग निघाले.

आता आपल्या घराकडे वळू. या इतिहासात कारागीर पावलोपावली भेटतो. त्याचा लोटा अहवालात आहे, त्याचा माग आणि त्याची आरी प्रकल्पात आहे. पण तो बहुधा दुसऱ्याच्या अभ्यासाचा विषय म्हणून भेटतो. अभ्यास करणाऱ्याच्या खुर्चीवर त्याचे मूल कधी बसणार? मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर सूत किती वाया जाते आणि का जाते, हे तेथे वाढलेल्या मुलाला जसे ठाऊक असते तसे बाहेरच्याला ठाऊक नसते. हिमरूच्या विणकराची, सुताराची, कल्हईवाल्याची मुलगी वस्तूकडे ज्या नजरेने पाहते, ती नजर वर्गात विकत मिळत नाही.

वाट सोपी आहे असे कोणी समजू नये. आय.आय.टी.मधील एम.डेस. या पदवीसाठी 'सीड' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका असलेल्यांना ती देता येते, जी.डी. आर्ट झालेल्यांनाही. एन.आय.डी.ची परीक्षा वेगळी असते. 'सीड'चा पेपर इंग्रजीत असतो, चित्र काढण्याचा सराव लागतो आणि खर्चाची तरतूदही आधीपासून करावी लागते. म्हणून तयारी शाळेतच सुरू व्हावी. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुलांना बसवा. चित्र काढणाऱ्या मुलीला 'अभ्यास सोडून हे काय?' असे म्हणू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, वडिलांच्या धंद्याची लाज बाळगू नका. सुट्टीत त्यांच्या शेजारी बसा. कोणता माल कोठून येतो, काय वाया जाते, मोडीचा भाव काय, हे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पदव्युत्तर शिक्षणाच्या मुलाखतीला जाल तेव्हा ही वही बरोबर न्या.