वखारीतल्या बायकांची भाकरी

निपाणीच्या तंबाखूबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दर, व्यापारी, वखारी, १९८१ चं आंदोलन, सगळं. पण ती तंबाखू चाळणाऱ्या बायका काय खाऊन दिवसभर उभ्या राहायच्या, हे फारसं कुणी लिहीत नाही. माझी आई वखारीत होती आणि मी पुढं अंगणवाडीत सेविका झाले, त्यामुळं मला हे सांगायलाच हवं.

आईच्या फडक्यात जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी आणि एक कांदा असायचा. हंगामात कच्ची मेथी किंवा कांद्याची पात. हात राखेनं घासले तरी तंबाखूचा कडवटपणा जायचा नाही. म्हणून ती भाकरी फडक्याच्या टोकात धरून खायची आणि पहिला घास कांद्याचा घ्यायची.

संध्याकाळी हुलगे. ज्यांच्या दावणीला बैल असत त्यांच्याकडं ते बैलांसाठीच शिजत. हुलगे बैलांना, वरचं कळण माणसांना. त्याला लसणाची फोडणी आणि चिंचेचा कोळ घातला की भाकरी चुरून खायला दुसरं काही लागत नसे. भाजलेल्या हुलग्यांच्या पिठाचं गूळ घातलेलं माडगं आजारी माणसासाठी राखलेलं. शंभर ग्रॅम हुलग्यांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. धान्यात लायसिन कमी आणि कडधान्यात भरपूर, त्यामुळं दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. हे शिक्षण शिवारातच होतं. जोंधळ्याच्या काही काकऱ्या, मग एक तुरीची, बांधाला अंबाडी, हलक्या रानात हुलगा. शेतात जे शेजारी, तेच ताटात शेजारी.

आमच्याकडं देवीचा नैवेद्यही हाच. सौंदत्तीच्या यल्लम्माला आंबील, भाकरी, वांग्याची भाजी आणि कांद्याची पात चालते. आंबिलीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलं की त्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, हे मला अंगणवाडीत आल्यावर समजलं. आई ते उन्हाळाभर करतच होती.

पण या जेवणाचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवणं मला पटत नाही. ते चांगलं होतं, पुरेसं नव्हतं. आईच्या वाट्याला भाकरी दोनच, कारण पुरुषांचं आणि पोरांचं झाल्यावर उरेल ते तिचं. प्रा. सुभाष जोशींनी वखारीतल्या बायकांची संघटना बांधली, मजुरीसाठी त्या रस्त्यावर उतरल्या आणि पुढं मजुरी वाढली, तशी आमच्या घरातली आमटी दाट झाली. पौष्टिक काय ते त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही, फक्त हातात चार पैसे जास्त पडावे लागले.

१९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूचे शेतकरी दरासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर मुक्काम ठोकून बसले. मार्च-एप्रिलच्या उन्हात भात आंबतो, कालवण विटतं; भाकरी, चटणी आणि कांदा टिकतो. आमच्या गल्लीतल्या बायकांनी भाकऱ्या थापून पाठवल्या, त्यात वखारीतल्याही होत्या. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक शेतकरी गेले.

पुढं शिवारात पाणी आलं, ऊस आला आणि मिश्र पिकाच्या काकऱ्या गेल्या. जोंधळा पिकवणारे विकत घेणारे झाले. आज रेशनचा तांदूळ फुकट मिळतो आणि जोंधळा दुकानात महाग पडतो, म्हणून विड्या वळणाऱ्या बाईच्या घरी सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी भात असतो. तिला दोष देऊ नये. तिचा हिशेब बरोबरच आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता. म्हणजे रेशनवर जोंधळा द्यायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. बेळगाव जिल्ह्यातल्या प्रत्येक रेशन दुकानात तो बारमाही मिळावा, आणि अंगणवाडीच्या मुलांना आठवड्यातून दोनदा तरी हुलग्याची आमटी मिळावी. ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकानं हे मागून घ्यावं, एवढीच विनंती.